स्पृहाच्या पोटावरचे डाग

कल्पना करा. दुपारची वेळ आहे. पोरगी बालवाडीतून येऊन, वरणभात खाऊन जमिनीवर लोळते आहे. तुमचा हात कामात आहे. दारावर थाप पडते. उघडून बघता, तर एक बाई आणि तिच्यामागे एक तरुण उभा. बाई गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरते आणि हळू आवाजात म्हणते, "तुमच्या मुलीच्या बाबतीत एक तक्रार आली आहे." तक्रार मुलीविरुद्ध नाही, तुमच्याविरुद्ध आहे. तुम्ही पोटच्या पोरीला इजा केली, असा कोणाला तरी संशय आहे. आता सांगा, तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल?

बिबवेवाडीतल्या द्वारकाला हा विचार करायला सवड मिळाली नाही. ती साडीला फॉल लावत होती. मशीनची सुई कापडातच अडकलेली, पायातली चप्पल उलटी, अशी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "या ना, बसा." यवतमाळकडची बाई दारात आलेल्याला पहिलं हेच म्हणते, मग तो पाहुणा असो की वसुलीवाला.

घर म्हणजे सोनबांच्या इमारतीतली वरच्या मजल्यावरची एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. सोनबा मूळचे इथलेच. त्यांच्या वडलांची जिथे ज्वारी होती तिथे आता चार मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावर बाहेरगावचे भाडेकरू. द्वारकाचा नवरा बद्रीनाथ कंपनीची बस चालवतो, हिंजवडीला. संगणकवाल्या पोरापोरींना सकाळी नेऊन टाकायचं आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परत आणायचं. घरात सासू मुक्ताबाई, द्वारका आणि चार वर्षांची स्पृहा.

आलेल्या बाईंचं नाव उत्कर्षा. जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयातल्या. वय असेल तिशीच्या आत, पण बोलणं शांत. मागचा तरुण त्यांचा मदतनीस, तो दाराशीच थांबला. त्यांनी पाणी घेतलं, अर्धं प्यायल्या, आणि विचारलं, "स्पृहाच्या पोटावर काळे डाग आहेत. ते कशाचे?"

मुक्ताबाई कोपऱ्यात सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांची बोटं थांबली.

खरं उत्तर असं होतं. महिन्याभरापूर्वी, थंडीत, स्पृहाला जोराचा खोकला झाला. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. याला द्वारकाच्या मुलखात 'डबा' म्हणतात, आणि डब्यावर इलाज एकच, बिब्बा. काळं, बदामाएवढं फळ. ते सुईला टोचून ज्योतीवर धरलं की त्यातून तेल सुटतं. त्या तेलाचे ठिपके पोटावर, बेंबीभोवती द्यायचे. कातडी भाजते, फोड येतो, काळा डाग राहतो. दुखणं त्या डागातून निघून जातं, अशी समजूत. रविवार होता, जवळचा दवाखाना बंद. मुक्ताबाईंनी गावाहून आणलेला बिब्बा पत्र्याच्या डब्यातून काढला आणि देवापुढची ज्योत खाली घेतली. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथने सुट्टी टाकून पोरीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, औषध दिलं. पोटाकडे कोणी बघितलं नाही. पोरगी आठवड्यात बरी झाली. बद्रीनाथ म्हणाला औषधाने, मुक्ताबाई म्हणाल्या बिब्ब्याने. दोघांनीही आपापलं श्रेय घेतलं आणि विषय मिटला.

मिटला असं वाटलं. मग एक दिवस बालवाडीत स्पृहाने अंगावर पाणी सांडून घेतलं, तनुजा मॅडमनी तिचा फ्रॉक बदलला, आणि त्यांना ते डाग दिसले.

हे सगळं द्वारका सांगू शकली असती. पण सांगायचं म्हणजे सासूचं नाव घ्यायचं, तेही परक्या माणसासमोर, सरकारी कामात, सासू हाताच्या अंतरावर बसलेली असताना. तिच्या माहेरी अशा सुनेला एकच शब्द होता, घरबुडवी. द्वारकाने नजर जमिनीवर टाकली.

"मीच लावला बिब्बा," ती म्हणाली.

"एकटीने?"

"हो. घरात कोणी नव्हतं."

मुक्ताबाईंची बोटं परत तांदळात फिरायला लागली, पण खडा एकही निघाला नाही.

उत्कर्षा मॅडमनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मला स्पृहाशी थोडं बोलायचं आहे. तुम्ही दोघी आत बसाल?"

स्वयंपाकघराच्या दाराला पडदा होता. पडद्याआडून बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त स्पृहाचं मधूनच हसणं. ते ऐकून द्वारकाला धीर येण्याऐवजी भीती वाटली. चार वर्षांची पोर हसत हसत काय सांगून टाकेल, कोण जाणे.

जाताना उत्कर्षा मॅडमनी एक कागद दिला. सोमवारी बालकल्याण समितीसमोर यायचं होतं. आईवडील दोघांनी, मुलीला घेऊन.

"तिला नेतील का मॅडम?" द्वारकाने जिन्यातच विचारलं.

"ते समिती ठरवते. घर तिच्यासाठी सुरक्षित नाही असं वाटलं, तर काही दिवस बालगृहात ठेवू शकतात. मी खोटं सांगत नाही तुम्हाला."

संध्याकाळी बद्रीनाथ आला तेव्हा बातमी त्याच्याआधी जिन्यातून खाली पोचली होती. त्याच्या मागोमाग सोनबा आले, बनियनवर टॉवेल टाकून.

"हे बघ बद्री," सोनबा खुर्ची ओढून म्हणाले, "माझं ऐकायचं तर बायकापोरीला गावाला लावून दे. दोन महिने तोंड न्हाई दाखवायचं. सरकारी माणूस हाय, कट्टाळतो."

"आणि नाही कंटाळला तर?" द्वारका म्हणाली.

"मग मी हाय की! नगरसेवकाला फोन टाकतो."

"मागच्या वेळी ड्रेनेजसाठी टाकला होता ना तुम्ही फोन? अजून वाहतंय."

सोनबांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि चहाची वाट न बघता खाली गेले.

बद्रीनाथ डोकं धरून बसला. भांडखोर माणूस नव्हता तो. अशा माणसाला भीती वाटली की तो उपाय शोधत सुटतो. द्वारकाने बिब्ब्याचं आधीच सांगून टाकलंय, हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. त्याने स्पृहाला मांडीवर घेतलं.

"बेटा, कोणी विचारलं तर काय सांगायचं? तवा लागला. म्हण बरं."

"तवा लागला."

"कोणाचा?"

"आपला."

"शाबास. कसा लागला? मी खेळत होती आन् पडली."

स्पृहाला नवीन कविता मिळाली. तिने ती बालवाडीतल्या चालीवर बसवली, टाळ्या घालून. शनिवारी दिवसभर घरात तेच, तवा लागला, तवा लागला. द्वारका मशीनवर बसून ऐकत होती. दुपारी पोरगी तिच्याजवळ आली, फ्रॉक वर केला आणि पोटाकडे बघत म्हणाली, "पण आई, तवा तर मोठ्ठा असतो. हे तर टिकल्या टिकल्या आहेत."

मशीन थांबलं. चार वर्षांच्या पोरीला जे दिसतंय ते समितीला दिसणार नाही? आणि त्याहून वाईट म्हणजे, पोरीलाही माहीत होतं की हे खोटं आहे. आईबाप खोटं बोलायला लावतात, हे ती टाळ्या वाजवत शिकत होती.

द्वारका पदराला हात पुसत जिन्यात गेली आणि कागदावरच्या नंबरला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी कोण उचलणार, असं वाटत असतानाच पलीकडून आवाज आला.

"मॅडम, मी द्वारका. बिबवेवाडी. एक विचारायचं होतं. अशा वेळी आईबापाने करायचं काय असतं?"

"कोणी हे विचारत नाही हो," उत्कर्षा मॅडम म्हणाल्या. "सगळे विचारतात, तक्रार कोणी केली."

"ते मले..." ती थांबली. पुण्यात आल्यापासून ती बोलताना 'मला' म्हणायची. घाबरली की माहेरची बोली वर यायची. "ते मला माहीत आहे."

"मी तुमची वकील नाही. माझं काम मुलीच्या बाजूचं आहे, हे आधी लक्षात घ्या. वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणात फुकट मिळतो, सोमवारी आधी तिथे जाऊन या. तुमचा तो हक्कच आहे. दवाखान्याचे कागद असतील तर आणा. कशावरही सही करायच्या आधी वाचून घ्या, कळलं नाही तर विचारा, तिथे कोणी तुम्हाला घाई करणार नाही. आणि मुलीला काही शिकवू नका. काहीच नाही. खरंसुद्धा शिकवू नका."

"खरंसुद्धा?"

"तिचं खरं तिच्याजवळ आहे. तुमचं तुम्ही बोला."

द्वारका फोन हातात धरून जिन्यातच बसून राहिली. त्या बाई एवढं सगळं बोलल्या, पण तिने त्या दिवशी दिलेल्या जबाबाबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणजे त्यांना माहीत होतं. पडद्याआड पोरगी सांगून मोकळी झाली होती.

आत मुक्ताबाई स्पृहाची वेणी घालत होत्या. द्वारका त्यांच्यासमोर बसली.

"आत्याबाई, मले खरं सांगा लागन तिथं."

"मंग सांग ना. मी का नाही म्हटलं?" मुक्ताबाईंनी वेणीचा पेड घट्ट ओढला. "मी त्या दिवशी तोंड उघडतच होती. तूच मधात बोलली. मोठी आली मले वाचवणारी."

"तुमचं नाव कसं घेऊ?"

"देवानं नाव कायले देलं मंग? घ्यासाठीच ना?" मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत, कोणालाच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "बद्रीच्या आंधी एक पोरगी होती मले. हिच्याएवढीच. तिले डबा झाला तवा तुह्या सासऱ्यानं बिब्बा लावू नाही देला. म्हणे दवाखान्यात नेतो. बैलगाडी जुंपली. फाट्यापर्यंतबी नाही पोचली पोर."

द्वारकाला लग्नाला सहा वर्षं झाली होती. हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं. बद्रीनाथ दारात उभा होता. त्याचा चेहरा बघून वाटलं, त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं.

त्या संध्याकाळी त्याने स्पृहाला सांगितलं, "बेटा, ती तव्याची कविता विसरून जा."

"का?"

"खोटी आहे."

"मला माहितीय," स्पृहा म्हणाली, आणि बाहुलीची वेणी घालायला लागली.

सोमवारी ते चौघंही गेले. मुक्ताबाईंना बोलावलं नव्हतं, पण त्या सगळ्यांच्या आधी नेसून तयार होत्या. वाटेत विधी सेवावाल्यांकडून एक तरुण वकील मिळाले, केदार नावाचे. त्यांनी सासूसुनेचं दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिला जबाब चुकीचा दिला, हे तुम्ही आपणहून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका." बद्रीनाथने दवाखान्याची चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि दर थोड्या वेळाने तो खिसा चाचपून बघत होता.

समितीची खोली साधी होती. लांब टेबल, पंखा, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. स्पृहाला दुसऱ्या खोलीत खेळण्यांजवळ नेलं. एक सदस्य बाई तिच्याबरोबर गेल्या. दार लागलं तसं द्वारकाचं लक्ष त्या दारावरच राहिलं. ते दार आता आपल्यासाठी उघडेल की नाही, एवढाच प्रश्न तिच्या डोक्यात होता.

"बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मॅडम, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. मी एकटी नव्हते. बिब्बा माझ्या सासूबाईंनी लावला."

"असं. मग स्वतःवर का घेतलंत? बक्षीस मिळणार होतं का?"

बक्षीसच म्हणायचं तर होतं. चार लोकांत चांगली सून म्हणवून घेणं.

"मोठ्या माणसाचं नाव कसं घ्यायचं, असं वाटलं."

"छान. मोठ्यांचा मान राहिला. लहानाचं काय?" अध्यक्षबाईंनी पान उलटलं. "आणि बिब्बा लावला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

केदार वकिलांनी तिच्याकडे बघितलं. हा भाग तिने त्यांनाही सांगितला नव्हता. बद्रीनाथलाही नाही. ती सहज म्हणू शकली असती, मी स्वयंपाकघरात होते.

"तिथेच होते," द्वारका म्हणाली. "मी पाय धरले होते तिचे."

बद्रीनाथचा हात खिशावरच थांबला.

"ती लाथा झाडत होती. एकीने धरल्याशिवाय होत नाही. मी धरले."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तेवढ्यात बाहेर बसवलेल्या मुक्ताबाई दार ढकलून आत आल्या. शिपाई मागून "आजी, आजी" करत राहिला.

"तिले काय विचारता? मले विचारा. हात माहा होता."

"बसा आजी. विचारतेच." अध्यक्षबाई जरा पुढे झुकल्या. "बिब्बा आहे अजून घरात?"

"हाये. डब्यात."

"फेकून द्याल?"

"फेकून काय होते? पेठेत पाहिजे तेवढा भेटते," मुक्ताबाई म्हणाल्या. "फेकासाठी नाही, लावासाठी हात लागते. हात नाही उचलणार म्या आता. हे सांगासाठी आली."

अध्यक्षबाई बाजूच्या सदस्यांकडे वळल्या. "निदान या तरी पहिल्याच खेपेला खरं बोलल्या."

मग त्यांनी मुक्ताबाईंना समजावलं. बरगड्या आत ओढल्या जाणं म्हणजे न्यूमोनिया असू शकतो, त्यात तास तास महत्त्वाचा असतो, आणि डाग देण्यात गेलेला दिवस पोरीच्या जिवावर बेतला असता. भाजलेल्या जागी जखम चिघळली असती ते वेगळंच. मुक्ताबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं, "मंग बैलगाडीत माही पोर गेली, ते बिब्बा नाही लावला म्हणून नाही गेली?"

अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "नाही हो आजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तिरकस सूर पहिल्यांदाच गेला. "दवाखाना लांब होता म्हणून गेली."

मुक्ताबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. किती वर्षं त्या नवऱ्यावर राग धरून होत्या, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या खोलीचं दार उघडलं. सदस्य बाईंनी येऊन अध्यक्षबाईंच्या कानाशी काही सांगितलं. त्यांच्या मागून स्पृहा धावत आली आणि थेट द्वारकाच्या मांडीवर चढली. द्वारकाने तिला धरलं, पण धरताना हात सैल ठेवले.

निर्णय असा झाला. स्पृहा घरीच राहील. पुढचे काही महिने उत्कर्षा मॅडम न सांगता येऊन बघून जातील. कातडीच्या डॉक्टरांना दाखवायचं. आजारी पडली तर आधी दवाखाना, आणि या महिन्यांत आजीच्या एकटीच्या भरवशावर पोरीला सोडायचं नाही. हमीपत्रावर द्वारकाने आणि बद्रीनाथने सही केली. त्याआधी द्वारकाने ते ओळ ओळ वाचलं, दोन ठिकाणी अर्थ विचारला, आणि खरंच कोणी घाई केली नाही. "प्रकरण बंद झालेलं नाही," अध्यक्षबाई शेवटी म्हणाल्या. "परत असं काही दिसलं तर ती या दारातून तुमच्याकडे येणार नाही. समजलं?"

"समजलं."

परतीच्या रिक्षात बद्रीनाथ पुढे रिक्षावाल्याशेजारी बसला. घराजवळ उतरल्यावर, सुट्टे पैसे मोजता मोजता म्हणाला, "पाय धरले ते मला नाही सांगितलंस."

"तू तरी तव्याचं शिकवताना मला विचारलंस कुठे?"

त्याने पैसे दिले, स्पृहाला खांद्यावर घेतलं आणि जिना चढायला लागला.

दुसऱ्या दिवशी स्पृहाला सोडायला द्वारका स्वतः बालवाडीत गेली. तनुजा मॅडम दारातच उभ्या होत्या, पाठ ताठ करून.

"मला वाटलंच होतं तुम्ही भांडायला याल."

"तशीच निघाले होते," द्वारका म्हणाली. "तुम्ही आधी मला विचारायचं होतंत. रोज भेटतो आपण."

"विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतंत?"

द्वारका हसली, जरा ओशाळून. "तवा लागला."

तनुजा मॅडमही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "मला झोप नाही लागली हो त्या दिवसापासून. फोन केला त्याचीही भीती, नसता केला तरी भीती."

द्वारकाने मान हलवली. माफ केलं का? तिला सांगता आलं नसतं. पण तिने स्पृहाचा हात त्यांच्या हातात दिला आणि मागे वळून न बघता निघाली.

पुढच्या रविवारी ती पोरीला न्हाऊ घालत होती. कातडीच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम कोरड्या अंगावर लावायचं होतं. वाकताना द्वारकाची ओली साडी पोटावरून सरकली आणि स्पृहाला बेंबीभोवतीचे जुने, विटके डाग दिसले. द्वारकाला ते इतके सवयीचे होते की अंगावरच्या तिळासारखे. समितीत सगळं सांगताना ते तिच्या ध्यानातही आले नव्हते.

स्पृहाने ओलं बोट एकेका डागावर ठेवलं. "तुला पण आजीने लावलं?"

"नाही. माझ्या आईने."

"मग तू रडलीस?"

द्वारकाला आठवेना. ज्योत नाही, वास नाही, दुखणं नाही. अंगावर आहे आणि मनात कुठेच नाही. स्पृहाचंही असंच होईल की हिला आठवत राहील, ती मलमाची डबी हातात धरून विचार करत राहिली. हिला आठवलं तर कोण आठवेल, सुई धरणारी आजी, की पाय धरणारी आई?

पोरीला टॉवेलमध्ये गुंडाळून बद्रीनाथकडे देऊन तिने गावाला फोन लावला. आई शेतातून नुकतीच आली होती. तिने आधी पिकापाण्याचं सांगितलं, मग म्हशीचं, मग कोणाकोणाची लग्नं जमली ते. द्वारका हूं हूं करत राहिली. आई बोलता बोलता थांबली.

"काय झालं वं? गप काहून हायेस?"

"आई," द्वारका म्हणाली, "मले बिब्बा लावला तवा माहे पाय कोनं धरले होते?"